सीएनटी घातलं तरी पीस करंट घेत नाही? डोस वाढवण्याआधी हे तपासा

प्लास्टिकने वीज वाहावी म्हणून त्यात सीएनटी, म्हणजे कार्बन नॅनोट्यूबच्या अतिसूक्ष्म नळ्या, घालतात. ते जमलं नाही की फोन साधारण असाच येतो. "साहेब, तीन टक्के सीएनटी टाकलंय, दाणा काळाकुट्ट आहे, पण मीटर काहीच दाखवत नाही. अजून एक टक्का टाकू का?"

नका टाकू. भोसरीत माझं ४० मिमीचं ट्विन स्क्रू यंत्र आहे. कार्बन नॅनोट्यूबचा मास्टरबॅच (नळ्या दाट भरलेला दाणा) पीसी (पॉलिकार्बोनेट), पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एबीएस या प्लास्टिकांमध्ये उतरवून दाणा मोल्डरकडे पाठवायचा, हे माझं रोजचं काम. ही तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी येतेच, आणि डोस खरोखर कमी होता अशी प्रकरणं त्यात थोडीच निघाली. बहुतेक वेळा नळ्या पिसात पुरेशा असतात. एक तर त्यांची साखळी कुठेतरी तुटलेली असते, नाहीतर साखळी शाबूत असून मोजणाऱ्याला ती सापडत नसते. डोस वाढवला की माल महागतो, वितळ घट्ट होते, पीस ठिसूळ होतो, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

लक्षणं

तुमची तक्रार यातली नेमकी कोणती, ते आधी ठरवा. पुढचा अर्धा शोध त्यावरच संपतो.

दाणा किंवा स्ट्रँड (एक्स्ट्रूडरमधून निघणारी प्लास्टिकची तार) करंट घेतो, पण त्याच लॉटचा मोल्ड केलेला पीस घेत नाही. हे सगळ्यात जास्त दिसतं.

पिसाचा चकचकीत पृष्ठभाग नापास, पण तोच पीस मोडून तुटलेल्या कडेवर प्रोब टेकवला तर पास.

एकाच पिसावर गेटजवळ (साच्यात माल शिरतो तिथे) एक आकडा आणि लांबच्या टोकाला दुसरा, मध्ये दोन-तीन घातांचा फरक. (आमच्याकडे "१० चा ६वा घात ओहम" असं पूर्ण कोणी म्हणत नाही. नुसतं "सहाव्यात आहे" म्हणतात. इथेही तसंच लिहितो.)

एक ट्रे पास, पुढचा नापास, त्यापुढचा पुन्हा पास.

पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या, आणि यंत्राच्या जाळ्या लवकर तुंबतात.

जुलैत पास झालेला माल जानेवारीत ग्राहकाकडे नापास.

एक लक्षण मात्र दोष नाही: मोटरचे अँपिअर चढणं आणि एमएफआय (वितळ किती सहज वाहते तो आकडा) उतरणं. सीएनटी पसरलं की वितळ घट्ट होणारच. तीन टक्के घालूनही एमएफआय जागचा हलला नाही, तर मला उलट जास्त काळजी वाटते.

आधी थोडं "का"

गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं उभी राहतात आणि बादल्या हातोहात पुढे जातात. माणसं पुरेशी असली तर पाणी पोचतं. मधली चार कमी पडली तर शंभर माणसं उभी असूनही पाणी पोचत नाही. प्लास्टिकमध्ये नळ्यांचं तसंच आहे. एका नळीची जाडी साधारण १० नॅनोमीटर, लांबी एक-दोन मायक्रॉन. दोन नळ्या अगदी चिकटलेल्या असायची गरज नसते, मधलं अंतर काही नॅनोमीटर असलं तरी इलेक्ट्रॉन उडी मारून जातो. पण अंतर जरा वाढलं की उडी संपली.

म्हणून इथे हळूहळू काही सुधारत नाही, उंबरठा असतो. पीसीमध्ये मास्टरबॅच उतरवून केलेल्या मिश्रणात तो १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान सापडतो. उंबरठ्याच्या अलीकडे माल जवळपास शुद्ध प्लास्टिकसारखा वागतो. तो ओलांडला की अर्ध्या-पाऊण टक्क्यात रोध कित्येक घात खाली कोसळतो. उंबरठ्याच्या अगदी कडेवर कृती बसवली असेल, तर फीडरचा छोटासा झोलसुद्धा पास-नापासचा खेळ करतो.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चिक नंतर.

१. मीटर

साधा मल्टिमीटर २० किंवा ४० मेगाओहमच्या वर हात टेकतो. म्हणजे साडेसातव्या घाताच्या पुढचं त्याला दिसतच नाही. ग्राहकाला नववा घात चालणार असेल, तर "मीटर काहीच दाखवत नाही" ही तक्रारच नव्हे. शिवाय त्याचे टोकदार प्रोब दोन बिंदूंवर टेकतात. तिथे प्लास्टिकची पातळ साय आली तर आकडा खोटा.

ईएसडीच्या (स्थिर विजेपासून बचावाच्या) कामाला पृष्ठरोध मोजणारं मीटर घ्या, दोन जड इलेक्ट्रोडवालं. प्रत्येकी सुमारे २.२७ किलोचे, ६३.५ मिमी व्यासाचे, खाली वाहक रबर. आधी १० व्होल्टवर मोजा. आकडा सहाव्या घातात किंवा वर आला, तरच १०० व्होल्ट लावा. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून "बघा, पास" म्हणणारे मला भेटलेत. जास्त दाबाखाली करंट वरची साय ओलांडतो आणि पीस आहे त्याहून चांगला भासतो. ग्राहक १० व्होल्टवर मोजेल तेव्हा माल परत येईल.

दुसरा घोळ एककाचा. ड्रॉइंगवर "ओहम" आहे की "ओहम प्रति चौरस", हे नीट वाचा. प्रमाणित गोल-कडी प्रोबवर आलेल्या रोधाला दहाने गुणलं की पृष्ठ-रोधकता मिळते. म्हणजे तोच पीस, तोच मीटर, आणि कागदावर सरळ एका घाताचा फरक. एका ग्राहकाशी माझा आठवडाभर वाद चालला होता. शेवटी कळलं की आम्ही दोघंही बरोबर मोजत होतो. अमेरिकी ईएसडी मानकाच्या वर्गवारीत चौथ्या घाताच्या खाली तो वाहक, चौथ्यापासून अकराव्याच्या आत विसर्जक, म्हणजे स्थिर वीज हळूहळू सोडणारा. तुमच्या ग्राहकाला यातलं काय हवंय, ते लेखी घ्या.

आता पावसाळा. भोसरीत जुलैमध्ये हवेत इतकी ओल असते की पिसावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, आणि दहाव्या-अकराव्या घातातला माल एखाद-दोन घात खाली दिसतो. सीएनटीची साखळी ओलीवर चालत नाही, ती ठीक असेल तर ऋतू बदलला म्हणून आकडा हलायला नको. हलला, तर तुम्ही पाणी मोजत होता. खरी परीक्षा २३ अंश आणि १२ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवून होते. तेवढी सोय नसेल तर पीस आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात दोन दिवस ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या मोजा. पुसणं विसरू नका, मोल्ड रिलीजचा सिलिकॉन स्प्रे हाही एक इन्सुलेटरच आहे.

२. कागद-पेन्सिल

मास्टरबॅच १५ टक्क्यांचा असेल आणि पिसात ३ टक्के हवं असेल, तर १०० किलोत २० किलो मास्टरबॅच जातो. २० टक्क्यांचा असेल तर १५ किलो. एका मोल्डरने पुरवठादार बदलला, पोतं बदललं, पण फीडरचं सेटिंग जुनंच ठेवलं. १५ टक्क्यांचा मास्टरबॅच १५ किलोने जात राहिला. हिशोब करा: २.२५ टक्के. त्यांच्या पीपीला तेवढं पुरत नव्हतं.

याच बैठकीत मास्टरबॅच कोणत्या पॉलिमरमध्ये बनवलाय, तेही बघून घ्या. पीसीत पीसीचा, पीपीत पीपीचा. "सगळ्याला चालतो" असं छापलेला असेल तर आत काय आहे ते विचारा.

आणि मोल्डरने मास्टरबॅच आणि साधा दाणा बादलीत ढवळून थेट इंजेक्शन यंत्रात ओतला असेल, तर पुढचं वाचण्याआधी तेच थांबवा. इंजेक्शनचा स्क्रू आखूड, तो वितळवतो, पण घट्ट मास्टरबॅच पातळ पीपीत विरघळल्यासारखा मिसळणं त्याच्याच्याने होत नाही. वर हॉपरच्या थरथरीने जड दाणे खाली बसतात. एक ट्रे पास, दुसरा नापास, याचं मूळ बहुधा इथेच असतं. भंगाराचा दाणा परत घालत असाल तर त्याचं प्रमाणही ठरलेलं हवं. दर फेरीत नळ्या थोड्या तुटतात.

३. पॉलिश पेपर आणि चांदीचा रंग

या तपासणीला शे-दोनशेचा खर्च, आणि सगळ्यात जास्त माहिती हीच देते.

नापास पीस घ्या. एका जागी पृष्ठभागावर चांदीच्या वाहक रंगाचे दोन ठिपके द्या, मध्ये सेंटीमीटरभर अंतर. शेजारीच पॉलिश पेपरने ०.२ मिमीच्या आसपास साय घासून काढा आणि तिथेही तसेच दोन ठिपके द्या. घासताना पाणी लावा, कोरडी काळी धूळ उडवायची नाही. रंग वाळला की दोन्ही जोड्या मोजा.

साय नापास आणि आतलं अंग पास, तर कंपाउंडरला शिव्या घालू नका. मालात साखळी आहे, मोल्डिंगने ती वरच्या थरात मोडलीय. चौथी तपासणी वरवर वाचा आणि पाचवीकडे जा.

दोन्ही नापास असतील तर चौथी करायलाच हवी.

४. पुन्हा वितळवून बघा

नापास पिसाचा तुकडा कापा. पीपी असेल तर २२० अंशांवर टेफ्लॉनच्या दोन शीटमध्ये, पीसी असेल तर २८० वर (तिथे टेफ्लॉन नको, पॉलिइमाइडची फिल्म घ्या) हॉट प्रेसमध्ये हलक्या दाबाने पाच मिनिटं ठेवा. दाबून पसरवायचं नाही, नुसतं वितळू द्यायचं. मग सावकाश थंड करा आणि ती चकती मोजा. वर पंखा किंवा हूड चालू असू द्या.

वितळीत नळ्या गप्प बसत नाहीत. हलत-हलत एकमेकींकडे येतात आणि तुटलेली साखळी पुन्हा जुळते. ड्रेस्डेनच्या लायबनिट्स पॉलिमर संशोधन संस्थेतल्या आणि डार्मश्टाटच्या प्लास्टिक संस्थेतल्या लोकांनी हे वितळ चालू असतानाच मोजून दाखवलंय: जोरात घुसळली की वाहकता पडते, नुसती स्थिर ठेवली की परत चढते.

म्हणून चकती पास झाली, तर नळ्या आहेत, पुरेशा आहेत, लांबही आहेत. दोष मोल्डिंगचा. चकतीही नापास झाली, तर मोल्डरचं यंत्र कितीही पिरगाळलं तरी काही होणार नाही. थेट सहावीकडे जा.

५. मोल्डिंगची सेटिंगं

साच्यात वितळ शिरते तेव्हा भिंतीला टेकलेला थर क्षणात गोठतो आणि त्याच्या आतून माल वेगाने सरकतो. त्या कातरीत नळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या लागतात. आगीच्या रांगेतली सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून हात बाजूला घेऊन उभी राहिली तर बादली कोण घेणार? थर गोठल्यामुळे त्यांना परत फिरायला वेळही मिळत नाही. वितळीला कमी घाई आणि जास्त ऊब दिली तरच साखळी जुळते.

एका वेळी एकच बटण फिरवा, आणि प्रत्येक बदलानंतरचे पहिले दहा शॉट फेकून मगच मोजा.

आधी इंजेक्शनचा वेग कमी करा. सगळ्यात मोठा फरक बहुधा याने पडतो. मग वितळीचं तापमान १० अंशांनी चढवा, नंतर आणखी १०. पीसीत ३२० च्या जवळ मात्र जाऊ नका, माल जळतो. मग साच्याचं तापमान, पीसीत ८० वर चालवत असाल तर १०० पर्यंत. होल्डिंग प्रेशर शेवटी. मागे एका पातळ पीसी कव्हरवर वेग निम्मा आणि वितळ २० अंश चढवून दहाव्यातला आकडा सहाव्यात आला होता. दाण्याला हातसुद्धा लावला नव्हता. मोल्डर सायकल टाइम वाढला म्हणून कुरकुरला, पण परत आलेल्या मालाचं भाडं कोण भरतं ते त्यालाही ठाऊक होतं.

एवढं करून गेटजवळ पास आणि टोकाला नापास असंच राहिलं, तर गेट लहान असेल. दोन प्रवाह भेटतात त्या वेल्ड लाइनवरही आकडा पडतो. तिथे अर्थिंगचा स्पर्श येणार असेल तर गेटची जागा बदलावी लागते. ते काम टूलरूमचं, सेटिंगचं नाही.

पीसी नीट वाळवला होता का, तेही विचारा: १२० अंश, चार तास, ओल ०.०२ टक्क्यांच्या खाली. चंदेरी रेघा आणि ठिसूळपणा दिसला तर आधी ड्रायर बघा.

६. पसरलंय का, डोळ्यांनी बघा

जळगावकडचे एचडीपीई पाइपवाले कार्बन ब्लॅकसाठी जे करतात तेच इथे. दाण्याचा बारीक कपचा दोन काचपट्ट्यांमध्ये गरम करून दाबा, इतका पातळ की खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं धूसर का होईना वाचता यावीत. मग १०० पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला चालतो.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते: गुठळी नाही म्हणजे माल उत्तम. तसं नाही. सहावी तपासणी नेहमी चौथीच्या चकतीसोबत वाचायची.

गुठळ्या भरपूर आणि चकती नापास, तर मिसळणं कमी पडलंय. नळ्या गठ्ठ्यांतच अडकल्यात, साखळीला माणसं उरली नाहीत.

गुठळी एकही नाही, फिल्म रेशमासारखी, आणि तरी चकती नापास? मग दोनच शक्यता. डोस खरोखर कमी आहे, किंवा तुम्ही नळ्या कुटून आखूड केल्यात. आखूड नळ्यांना तीच साखळी करायला जास्त संख्या लागते. मी स्वतः सुरुवातीला "अजून छान मिसळू दे" म्हणून पीपीचा एक लॉट यंत्रातून दुसऱ्यांदा काढला होता. पहिल्या फेरीत पाचव्यात असलेला माल दुसरीनंतर आठव्यात गेला. दिसायला मात्र आधीपेक्षा देखणा.

गुठळ्या थोड्या आणि चकती पास, तर वाहकतेची काळजी सोडा. प्रश्न फक्त पुटकुळ्यांचा आणि मजबुतीचा आहे.

डोसची शंका मिटवायची असेल तर टीजीए (तापवत-तापवत वजन मोजायची चाचणी) करून घ्या. पीपी नायट्रोजनमध्ये ६०० अंशांपर्यंत सगळं उडून जातं, मागे नळ्या आणि थोडा उत्प्रेरकाचा अंश उरतो, तो वजनाने कळतो. पीसीचा मात्र स्वतःचाच कोळसा उरतो, तिथे हा आकडा सरळ वाचता येत नाही.

७. एक्स्ट्रूडर

इथवर आलात तर यंत्र हातात असलेलेच पुढे वाचा.

मास्टरबॅच आणि दाणा वेगवेगळ्या वजनी फीडरवर घ्या, एका हॉपरमध्ये मिसळून नको. गुठळी फुटते ती ताणाने, आणि वितळ जितकी घट्ट तितका ताण जास्त. म्हणून पहिल्या नीडिंग ब्लॉकवर तापमान थोडं कमी ठेवा. आरपीएम वाढवून तेच साधायला गेलात तर गुठळीबरोबर नळीही तुटते. मोटरचे खरे किलोवॅट भागिले ताशी किलो, हा आकडा दर लॉटला लिहून ठेवा. माझ्या यंत्रावर पीसीचा चांगला लॉट ०.२ ते ०.३ च्या दरम्यान जातो. तुमचा आकडा वेगळा असेल, पण चांगल्या आणि वाईट लॉटचा शेजारी-शेजारी लिहिलेला असेल तर उत्तर बहुधा त्यातच दिसतं.

इथे थांबा

कोरडी सीएनटी पावडर स्वतः फोडून हॉपरमध्ये ओतायची वेळ आली, तर थांबा. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे, आणि एवढीशी धूळ डोळ्यांना दिसत नाही. २०१४ मध्ये आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एमडब्ल्यूसीएनटी-७ या प्रकाराला कर्करोगाची शक्यता असलेल्या २बी गटात टाकलं. बंदिस्त फीडर, शोषण यंत्रणा आणि हेपा व्हॅक्यूम नसेल तर फक्त मास्टरबॅच वापरा. सांडलं तर ओल्या फडक्याने पुसा, एअरगन कदापि नाही. ही धूळ वीज वाहते, ती पॅनलमध्ये शिरली की ड्राइव्ह जातो.

स्क्रू उपसून घटक बदलायचे असतील तर यंत्र बनवणाऱ्याचा इंजिनिअर बोलवा. चुकीच्या क्रमाने लावलेला एक घटकसुद्धा बॅरल खरवडतो.

पीस पेट्रोलच्या वाफेत, सॉल्व्हंटच्या टाकीत किंवा स्फोटक वातावरणात जाणार असेल, तर वरचं सगळं फक्त घरगुती चाळणी समजा. तिथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय माल सोडायचा नाही, ग्राहक कितीही घाई करो.

आणि डोस बरोबर, फिल्म स्वच्छ, तरी चकती नापास, असं असेल तर आणखी पोती जाळू नका. नळ्यांची लांबी आता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच सांगेल. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांची नमुना तपासणी होते. टीजीए आणि यांत्रिक चाचण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं सिपेट (प्लास्टिक अभियांत्रिकीची सरकारी संस्था) सोयीचं पडतं. त्याआधी मास्टरबॅच पुरवठादाराला एक पाकीट पाठवा: त्याच लॉटचा मास्टरबॅच मूठभर, तुमचा दाणा मूठभर, एक पास पीस, एक नापास पीस, पुन्हा वितळवलेली चकती, आणि एक्स्ट्रूडर व मोल्डिंगच्या सेटिंगचा कागद. प्रत्येकावर लॉट नंबर आणि मोजलेला आकडा, कितव्या व्होल्टवर मोजला त्यासकट.